पिकअपची पुढची स्प्रिंग वजन पाहून निवडावी

संपादक महोदय,

पावसाळा सरत आला की खड्ड्यांनी खिळखिळ्या झालेल्या गाड्या गॅरेजच्या दारात उभ्या राहतात, आणि पिकअपचे तोंड खाली बसलेले असेल तर मालकाला बहुधा एकच सल्ला मिळतो, की ‘हेवी ड्युटी’ स्प्रिंगा टाकून घ्या, गाडी दोन इंच उचलली जाईल. आपल्याकडच्या बऱ्याच मालवाहू पिकअपना पुढेही पाटेच (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असल्यामुळे हा प्रश्न पूर्वी फारसा येत नसे. मात्र २०१६ मध्ये आलेली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स या गाड्यांना मागे पाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंग (तारेच्या वेढ्यांची स्प्रिंग) आहे, आणि बागायतदार, ठेकेदार व हौशी प्रवासी यांच्याकडे त्या आता दिसू लागल्या आहेत. या गाड्यांसाठी पुढची स्प्रिंग कशी निवडावी, याविषयी वाहनमालकांपर्यंत काही गोष्टी पोहोचाव्यात म्हणून हे पत्र.

स्प्रिंग ‘बसली’ म्हणजे ती मऊ झाली, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. पोलादाची ताठरता, म्हणजे स्प्रिंग ठरावीक अंतर दाबायला लागणारा जोर, वापराने कमी होत नाही. तार गंजून बारीक झाली, तरच ती घटते. बसलेल्या स्प्रिंगची कमी झालेली असते ती मोकळी लांबी, म्हणजे भार नसतानाची लांबी. म्हणूनच गाडीवरचे कायमचे वजन बदललेले नसेल, तर मूळ ताठरतेची नवी जोडी टाकली की गाडी आपल्या उंचीवर परत येते. अधिक कडक स्प्रिंगेची तेथे गरजच नसते. त्याआधी गाडी खरोखर किती बसली आहे, हे मात्र नीट मोजले पाहिजे. सपाट जागी उभे करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना घ्यावे आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून पाहावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि हवा यांचा फरक त्या आकड्यात मिसळतो.

दुसरे मोजमाप वजनाचे. साखर कारखान्याजवळ किंवा बाजार समितीच्या आवारात वजनकाटा असतोच. टाकी भरलेली आणि चालक जागेवर असताना केवळ पुढची चाके काट्यावर घेतली, तर पुढच्या ॲक्सलवरचा भार कळतो, आणि स्प्रिंगेची निवड या आकड्यावरूनच व्हायला हवी. ‘गाडीत माल जास्त भरतो, म्हणून पुढेही कडक स्प्रिंग’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे ३.१ मीटर अंतर आहे. हौद्यात ३०० किलो माल ठेवला आणि त्याचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असला, तर पुढच्या चाकांवर त्यातले ३० किलोही येत नाहीत. बाकी सगळा भार मागच्या पाट्यांवर जातो. मालाचा मध्य ॲक्सलच्या मागे गेला, तर पुढचे तोंड उलट हलकेच होते.

पुढे वजन खरोखर वाढते ते बंपरसमोर बसवलेल्या लोखंडी गार्डने आणि विंचने (अडकलेली गाडी ओढून काढायच्या दोराच्या यंत्राने). ऑस्ट्रेलियात अशी सामग्री बसवण्याचा प्रघात असल्याने तेथे स्प्रिंगा पुढचे जादा वजन पाहून प्रतवारीने विकल्या जातात, आणि त्याच स्प्रिंगा आपल्याकडे मागवल्या जातात. परंतु केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग करतात, असे स्पष्ट केले आहे. पादचाऱ्यांच्या जिवाचाही तो प्रश्न आहे. ज्याच्या गाडीवर गार्ड आहे, त्याने स्प्रिंग बदलण्याआधी गार्ड उतरवावा; ज्याच्या गाडीवर तो नाही, त्याने गार्डसाठी बनवलेली स्प्रिंग घेऊ नये. हलक्या तोंडाला भारी स्प्रिंग लावली तर पुढचा भाग वर राहतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक जमिनीला धरून न राहता उडत जाते. ब्रेक आणि स्टिअरिंग यांना पकड हवी, ती नेमकी तेथेच सुटते.

कडकपणा किती लवकर वाढतो, याची कल्पना फारच थोड्यांना असते. इतर मापे तीच ठेवून तार १४ मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटर जाड घेतली, तर ताठरता सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते, कारण ती तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. डोळ्यांनी पाहून किंवा हाताने दाबून हा फरक कळणे अशक्य आहे. त्यातच स्प्रिंग चाकापाशी नसून खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्यावर, आतल्या बाजूला असते. ती आर्मच्या ६० टक्के लांबीवर आहे असे धरले, तर चाकापाशी तिच्या ताठरतेचा केवळ ३६ टक्के भाग जाणवतो, आणि स्प्रिंगेच्या वर १० मिलिमीटरची चकती घातल्यास गाडी १६ ते १७ मिलिमीटर उचलली जाते. हे गणित माहीत नसल्यामुळेच चकत्यांवर चकत्या चढवल्या जातात.

गाडी दोन इंच उचलण्याच्या हौसेबद्दल मला विशेष चिंता वाटते. उचललेली उंची चाकाच्या खाली जाण्याच्या मार्गातून वजा होते. खड्ड्यात चाक खाली सुटले की सस्पेन्शन टोकाला आपटते, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट वाकड्या कोनात काम करू लागतात, टायर एका कडेने झिजतो आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात, त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत लावून घ्यावा, आणि शॉकअप जुने झाले असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत. कडक स्प्रिंगेची उसळी थकलेल्या शॉकअपला आवरत नाही. काही गाड्यांत डाव्या व उजव्या स्प्रिंगेचे पार्ट नंबर वेगळे असतात. तेव्हा जुनी स्प्रिंग काढताना तिच्यावरच्या रंगाच्या खुणा आणि बाजू लिहून ठेवावी.

वेढ्यांमध्ये रबराचे बफर बसवणे, गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे किंवा एखादा वेढा कापणे हे उपाय पूर्णपणे टाळावेत. बफरमुळे काही वेढे निकामी होऊन उरलेल्यांवर ताण एकवटतो, तर तापवल्याने कारखान्यात पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कणखरपणा, उतरते. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत तर रंगाचा पोपडा निघालेला खालचा वेढा गंजून तेथूनच स्प्रिंग तुटते. त्यामुळे नवी स्प्रिंग घेताना तिच्यावरचा रंगाचा थर अखंड आहे ना, हेही पाहिले पाहिजे.

आता मुख्य मागणी. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रिंगांच्या खोक्यावर गाडीचे नाव आणि ‘हेवी ड्युटी’ एवढाच मजकूर असतो. औषधाच्या पाकिटावर जशी मात्रा छापलेली असते, तशी स्प्रिंगेच्या खोक्यावर ताठरता, मोकळी लांबी, आणि किती भाराखाली ती किती लांबीची राहील, हे तीन आकडे छापलेले असावेत. बनवणाऱ्याकडे ते असतातच, कारण त्यांच्याशिवाय स्प्रिंग घडवताच येत नाही. भारतीय मानक ब्युरो आणि परिवहन खाते यांनी सुट्या भागांच्या बाजारासाठी ही छपाई सक्तीची करावी. तोपर्यंत वाहनमालकांनी हे आकडे विक्रेत्याकडे लेखी मागावेत आणि ते न देणाऱ्याकडून स्प्रिंग घेऊ नये.

आपला विश्वासू,
एक वाचक, निफाड (जि. नाशिक)