पाकीट मीच उघडलं

नागपूर
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. बाल्यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू फोन ठेवून दिलास. नंतर मी लावला तर उचलला नाहीस, म्हणून लिहून राहिले. कागदाला मध्येच कापता येत नाही, एवढं तरी बरं.

आधी पाकिटाचं. हो, मीच उघडलं. नाव तुझं होतं, पण पत्ता आपला होता. आणि आयुष्यभर एजी ऑफिसात लोकांची व्हाउचरं तपासलेल्या बाईच्या हातात बँकेचं पाकीट पडलं तर ती काय ते देवापुढे ठेवून नमस्कार करेल? त्याची माफी मागत नाही. पटत नसेल तर बँकेत पत्ता बदलून घे, प्रतापनगर काढ आणि पुण्याचं वाकड टाक. हे रागाने नाही लिहिलं. थोडं रागाने लिहिलं.

तुझ्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये ३१ ऑक्टोबरला कुठल्याशा परदेशी नावाने ८७ रुपये २३ पैसे. त्याच तारखेला २१,४१० आणि मग १९,८६५. प्रत्येकाखाली परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. मला मोठ्या रकमा नंतर दिसल्या, आधी ८७ वर बोट थांबलं. एवढ्याशा पैशासाठी परदेशातून कोण बिल फाडेल? कार्ड चालतं का ते आधी चिल्लर टाकून पाहिलं, चाललं म्हटल्यावर हात मारला. हिशेबात गडबड असली की ती बारक्या आकड्यातच आधी सापडते, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

३१ ऑक्टोबर म्हणजे नरकचतुर्दशी. तू घरीच होतास. शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर, हातात मोबाइल, आणि तोंडावरून रंगच उडालेला. मी विचारलं, काय रे, काय झालं? "काही नाही." लक्ष्मीपूजनाला तबक धरून उभा होतास, लक्ष भलतीकडे. "काही नाही." भाऊबिजेला चिंगीने ओवाळलं, तिच्याही लक्षात आलं, तिलाही तेच. तिने मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, आई, ह्याचं कुठं काही बिनसलं का? मी म्हटलं, प्रवासाने थकला असेल.

ह्या विषयावर मी पुन्हा येणार नाही, असं ठरवून बसले आहे.

बाबांनी सर्वात आधी ओटीपीचं विचारलं, त्याने तू भडकलास. त्यांच्यावर राग धरू नको. बाबांच्या पिढीला टीव्ही, रेडिओ, बँक, सगळ्यांनी एकच पाठ करून घेतलं आहे, ओटीपी सांगू नका. म्हणजे पैसे गेले तर ओटीपी सांगितला असणारच, असं त्यांचं गणित. रात्री तू सगळे कागद त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेस, ते मी त्यांना समजावून सांगितले. ओटीपीची सक्ती आपल्या देशातल्या व्यवहारांना. बाहेरच्या दुकानाला नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की काम झालं. आपल्याकडच्या दुकानांना १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही, टोकन, म्हणजे नंबराऐवजी चालणारा बदली आकडा, ठेवावं लागतं. पण तू ज्या दुकानातून लेन्स मागवलीस ते इथलं नव्हतंच. त्यांनी स्वतःच ईमेलमध्ये कबूल केलं आहे की पैसे भरायच्या पानावर कोणीतरी कोड घुसवला होता आणि गिऱ्हाईक जे टाइप करेल त्याची नक्कल बाहेर जात होती. तू काहीच चुकीचं केलं नव्हतंस. नेहमीसारखं बिल भरलंस.

(लेन्स केवढ्याची होती ते मी वाचलं. काही म्हणत नाही. पैसे तुझे आहेत.)

बाबांना मी अमेरिकेतल्या टार्गेट नावाच्या दुकानांच्या साखळीची गोष्ट सांगितली. २०१३ साली नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन सणाच्या खरेदीत, त्या दुकानांतून ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. आणि चोर शिरले ते त्यांच्याकडे रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या ठेकेदाराचं लॉगिन वापरून. बाबा लगेच म्हणाले, म्हणजे कुलरवाल्याच्या किल्लीने घर फुटलं. तेव्हापासून शांत आहेत. आता प्रतापनगरभर तीच गोष्ट सांगत फिरतात, तुझं नाव न घेता.

आता कामाचं, नीट वाच. तू म्हणालास, बँकेने कळवलं की सहा दिवस उलटून गेले, त्यामुळे नियमाप्रमाणे दर व्यवहाराला दहा हजारांपर्यंत तुझ्या अंगावर. म्हणजे २०,०८७ रुपये. आणि तू म्हणालास, "भरून टाकतो, विषय संपव."

काहून भरतोस?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सोबत जोडलं आहे, लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. दोष बँकेचाही नाही आणि गिऱ्हाइकाचाही नाही, तिसरीकडेच कुठेतरी फुटलं, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर गिऱ्हाइकावर शून्य बोजा. चार ते सात दिवसांत कळवलं तर ती दहा हजारांची मर्यादा. पण दिवस कामकाजाचे, बापा, कॅलेंडरचे नाही! आणि मेसेज आला तो दिवस धरायचा नसतो. तुला मेसेज आले गुरुवारी ३१ ला रात्री. तो दिवस सोडला. १ तारखेला लक्ष्मीपूजन, बँक बंद. २ ला पाडवा, बंद. ३ ला रविवार. मग सोमवार ४, मंगळवार ५, बुधवार ६. तू तक्रार नोंदवलीस ६ तारखेला संध्याकाळी, नंबर तुझ्या मेलवर आहे. तो तिसरा दिवस. बँकेने सहा मोजले, तू मान हलवलीस. मी कालनिर्णय काढून तीन मोजले.

हेच उत्तर त्यांना लेखी पाठव. तुझा तक्रारीचा मेल मी दोनदा वाचला. तारखा, रकमा, कार्ड त्याच रात्री ॲपमधून लॉक केल्याचा उल्लेख, दुकानाचा ईमेल जोडलेला, एक शब्द जास्त नाही. असा मसुदा आमच्या सेक्शनमध्ये कोणी लिहिला असता तर साहेबांनी फिरवून सगळ्यांना दाखवला असता. शेजारच्या काकूंना मी तो वाचूनही दाखवला. रकमा गाळून.

आणखी, तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तुझ्या खात्यात तात्पुरती जमा करायची असते. दुसरा शनिवार, गुरुनानक जयंती आणि परवाची मतदानाची सुट्टी वगळली तर ती मुदत येत्या गुरुवारी, २१ तारखेला संपते. संपूर्ण निकाल ९० दिवसांत, म्हणजे ४ फेब्रुवारीपर्यंत. तुझी चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, तुझी नाही. निकाल लागेपर्यंत वादातल्या रकमेवर आकार लावायचा नाही असाही नियम आहे. बाकीचं बिल मात्र वेळेवर भर, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. आणि पैसे परत आले की मूळ रकमा पाहून खूश होऊ नको. ते चलनाचे आकार आणि त्यावरचा जीएसटीही परत आला का, ते एकेका ओळीवर टिक मारून पाहा. तिथेच राहून जातं.

सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन केलास का? सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंद केलीस का? कागदांत त्याची पोच दिसली नाही. उशीर झाला तरी कर, बँकेला दाखवायला उपयोगी पडते. महिनाभरात बँकेने उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, एक पैसा लागत नाही. आणि नवीन कार्ड आलं की बाहेरदेशचे व्यवहार बंद ठेव. २०२० पासून ती कळ गिऱ्हाइकाच्याच हातात दिली आहे, लागेल तेव्हा चालू कर, झालं की बंद कर. आणि आता तुला फोन येतील. तुझं नाव, पत्ता, लेन्स कोणती घेतलीस, सगळं त्यांच्याकडे गेलेलं आहे. "सर, तुमचे पैसे परत करायचेत" असं गोड बोलतील. त्या वेळी तू…

बरं, थांबते. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि मी आठवीतल्या पोराला सांगावं तसं सांगून राहिले. माफ कर.

आठवीवरून आठवलं. तुझी सायकल. धरमपेठेतल्या ट्यूशनसमोरून ती चोरीला गेली होती आणि तू आम्हाला सांगितलं होतंस, मित्राकडे ठेवली आहे, त्याच्या भावाला शिकायची आहे. मे महिना, दुपारची ट्यूशन. एक दिवस मी तुझ्या चपला बाहेरच्या नळावर धुवायला घेतल्या, तर टाचेकडून रबर इतकं झिजलेलं की आतला पांढरा भाग दिसत होता. नवीन चपला होत्या, अक्षयतृतीयेला बर्डीवरून घेतलेल्या. मी चप्पल हातात घेऊन तुझ्यापुढे उभी राहिले आणि तू म्हणालास, काही नाही, रबरच खराब आहे. प्रतापनगर ते धरमपेठ, नागपूरच्या उन्हात, रोज जाऊन-येऊन पायी! सायकल गेल्याचं मला काही वाटलं नव्हतं. बाबा तर हसले होते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आतासुद्धा सायकलचा रंग आठवत नाही, ती टाच आठवते.

हे तू बाबांकडून घेतलंस. पतसंस्थेच्या त्या जामिनाचं मला कधी कळलं, तुला माहीतच आहे. वसुलीचा माणूस दारात आला तेव्हा. तोवर बाबा सहा महिने रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन हात-पाय धुऊन हसत चहा प्यायले. आम्हाला त्रास नको म्हणून. तुम्हा दोघांचा हा त्रास-नको सगळ्यात महाग पडतो, बाल्या. तरी तेव्हा मी बाबांना एका शब्दाने बोलले नव्हते. म्हणजे फार बोलले नव्हते.

तू का सांगितलं नाहीस तेही मला कळतं. बाबांचं बीपी, चिंगी माहेरी आलेली, सणाचा दिवस, घरात पाहुणे. पण समज, दिवाळीची सुट्टी मध्ये पडली नसती तर? गुरुवारी मेसेज आले, पहिला शनिवारही कामाचाच, म्हणजे सोमवारीच मुदत संपली असती. तू बुधवारी बोललास. आपण सणामुळे वाचलो. आणि मला रकमेची भीती नाही रे, ४१ हजार गेले असते तर गेले असते. तू तिकडे एकटा राहतोस, रात्री दीडला मेसेज आला तर उशाशी कोणी नाही, आणि सकाळी फोनवर आम्ही विचारणार, जेवलास का, आणि तू म्हणणार…

नाही. पुन्हा तेच व्हायला लागलं.

एक राहिलं. बाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता तुझ्या त्याच कार्डावर आपोआप जात होता ना? जुना नंबर बंद झाला म्हणजे तो आता जाणार नाही. डिसेंबरात देय आहे. विमा कंपनीच्या साइटवर नवीन कार्ड जोडशील तेव्हा जोड, पण ह्या वेळी तोवर वाट पाहू नको, मला आकडा कळव, मी माझ्या पेन्शनच्या खात्यातून भरते. पुढच्या वर्षी तू भर. ह्यावर वाद नको.

इकडे ठीक आहे. आज संध्याकाळी प्रचाराचे भोंगे बंद झाले, कान मोकळे झाले. बुधवारी आम्ही सकाळी सातलाच जाऊन मतदान करून येणार आहोत, ऊन चढायच्या आत, असं बाबा म्हणतात; नोव्हेंबरात कसलं ऊन ते त्यांनाच ठाऊक. आंबियाची संत्री आली आहेत. शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सने एक पेटी टाकते, शनिवारी सकाळी वाकडच्या पुलाखाली उतरवून घे. वरच्या दोन ओळी आधी खा, खालची जरा कच्ची आहेत. मेसमधल्या पोट्ट्यांना पण दे.

गुरुवारी रात्री रक्कम जमा झाली का ते कळव. नाही झाली तरी कळव.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारताहेत, आणखी एखादं कार्ड आहे का, किंवा कोणाचं काही देणं वगैरे. मी त्यांना म्हटलं, नसेल. तू त्यांना सांग. मला सांगितलंस तरी चालेल.