टाक्यांची झाकणे आणि डॉ. बेंटले

२० ऑगस्टच्या जागतिक डास दिनी डासांमुळे हिवताप (मलेरिया) पसरतो हे सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांची आठवण निघते, ती निघायलाच हवी. पण मुंबईकरांनी डॉ. चार्ल्स बेंटले यांचेही ऋण मानावे. हिवताप म्हटले की दलदल डोळ्यांसमोर येते. बेंटले यांनी मात्र शहराची पाहणी करून १९११ च्या अहवालात बोट ठेवले ते घरोघरच्या विहिरींवर आणि टाक्यांवर! हिवताप पसरवणारा स्टीफेन्सी जातीचा ॲनोफिलीस डास तिथल्या स्वच्छ पाण्यातच वाढत होता. विहिरी बुजवण्यावरून तेव्हा धार्मिक भावनांचा वादही झाला. आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली, डास तोच. आमच्या इमारतीच्या टाकीचे झाकण दोन पावसाळे तुटलेलेच होते. सोसायट्यांनी पालिकेच्या नोटिशीची वाट न पाहता याच आठवड्यात गच्चीवर जाऊन पाहावे.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई