डाव्या हाताची रेघ

नाशिक

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे होऊन गेले. उत्तराला उशीर झाला, कारण तू विचारलेस त्याचे उत्तर पुस्तके पुन्हा वाचल्याशिवाय देववेना. साठी उलटल्यावर मला या जपानी चित्रकथांत, मांगांत, असे काय सापडले, असे तू विचारतोस. मुलांच्या हाताला वळण लावण्यात तुझी हयात गेली, म्हणून तुला एका हाताविषयीच लिहितो.

'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' हा फुमियो कोनो यांचा मांगा मी इंग्रजी भाषांतरात वाचला. त्यातली सुझु ही हिरोशिमाच्या एबा भागातली मुलगी १९४४ साली लग्न होऊन कुरे या बंदराच्या गावी येते. यामातो ही अवाढव्य युद्धनौका बांधली गेली ते हेच आरमारी गाव. सुझुला चित्रे काढण्याचा नाद आहे, पण पुस्तकाचा बराच भाग घरकामातच जातो. रेशनचे धान्य पुरवून पुरवून वापरायचे, रानातला पाला खुडून आणायचा, मूठभर तांदूळ भाजून आणि पाण्यात भिजवून फुगवायचे, म्हणजे पातेले निदान भरलेले दिसेल. त्या भाताला चव नसते, हेही कोनो तितक्याच प्रेमाने दाखवतात. हे प्रसंग वाचताना मला दुष्काळी वर्षातली आईची चूल आठवली, आणि मी त्या पानांवर फार वेळ रेंगाळलो.

प्रकरणांना साल आणि महिना दिलेला आहे. हा मांगा २००७ ते २००९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाला. तो सुरू झाला तेव्हा सम्राटाच्या कारकिर्दीवरून चालणाऱ्या जपानी वर्षगणनेत हेइसेई १९ चालू होते आणि कथेत शोवा १९, म्हणजे १९४४. महिनेही जुळवून घेतलेले. त्या वाचकांना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तो पुढच्या वर्षीचा ऑगस्ट जवळ येताना कसा वाटला असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता त्या हाताविषयी. १९४५ च्या जूनमध्ये सुझु आपल्या नणंदेच्या लहान मुलीचा, हारुमीचा, हात धरून चाललेली असताना उशिरा फुटणाऱ्या बॉम्बचा स्फोट होतो. मुलगी जाते, आणि तिला धरलेला सुझुचा उजवा हातही जातो. पुढे तो हात काय काय करत होता, ते सुझु एकेक महिना मागे जात आठवते : गेल्या महिन्यात याच हाताने हारुमीला धरले होते, त्याआधी याच हाताने नवऱ्याचा झोपलेला चेहरा रेखाटला होता. इतके कोणीही चांगला लेखक लिहू शकला असता. पण तिथून पुढे चौकटींतली पार्श्वभूमी बदलते. घरांच्या कडा वाकड्या होतात, डोंगराची रेघ थरथरते. पहिल्या वाचनात मला वाटले, छपाई बिघडली असावी. नंतर कळले की सुझुचा हात गेल्यावर कोनो यांनी पार्श्वभूमी स्वतःच्या डाव्या हाताने काढली आहे. सावलीसाठी तयार ठिपक्यांचे कागद चिकटवण्याची मांगाची सोयीची रीत त्या एरवीही टाळतात आणि रेघेला रेघ लावून सावली भरतात. अशा तयारीच्या हाताने स्वतःला दूर ठेवावे, याचे मोल तुझ्याइतके कोणाला कळणार?

मी त्या रात्री पेन्सिल डाव्या हातात धरून आमच्या अंगणातला नळ काढून पाहिला. तोटीची गोलाई जमेना, पेन्सिल कागदावर अडकत होती, आणि नळ ओळखू आला तरी तो माझ्या अंगणातला राहिला नव्हता. सुझुला आपले घर तेव्हा तसेच दिसत असणार. आठवीत तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तू डाव्या हाताने घाटावरचे देऊळ काढून मला दाखवले होतेस. मी ते हसून परत दिले, याचे आज वाईट वाटते.

कोनो १९६८ साली हिरोशिमात जन्मल्या. त्या स्वतः अणुबॉम्बग्रस्त नाहीत, त्यांचे आईवडीलही नाहीत, आणि हा विषय त्या टाळत आल्या होत्या. त्यांच्या आधीच्या 'टाऊन ऑफ इव्हनिंग काम, कंट्री ऑफ चेरी ब्लॉसम्स' या लहानशा पुस्तकात १९५५ सालची एक तरुणी आहे. चपला झिजू नयेत म्हणून ती नदीकाठाने अनवाणी चालते. अणुबॉम्बनंतर दहा वर्षांनी किरणोत्सर्गाचा आजार तिला गाठतो, तिची दृष्टी जाते, आणि चौकटी कोऱ्या होतात. पांढऱ्या चौकटीत फक्त तिचे शब्द उरतात. त्या पानांवर मला काहीच बोलता आले नाही, आजही येत नाही.

मागच्या पत्रात मी केइजी नाकाझावा यांच्या 'बेअरफूट गेन' या हिरोशिमावरच्याच मांगाला भडक म्हटले होते. ते शब्द मी मागे घेतो. अणुबॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते आणि शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली जळून गेले. १९६६ मध्ये आई वारली, आणि दहनानंतर तिच्या अस्थीही हाती आल्या नाहीत. त्यानंतरच ते या विषयाकडे वळले, आणि १९७३ पासून मुलांच्या साप्ताहिकात गेनची कथा येऊ लागली. गळालेली कातडी, अंगात घुसलेल्या काचा, ओरडणारी तोंडे हे सगळे ते दाखवतात. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ च्या अखेरीस शाळांना ही पुस्तके मुलांच्या हाती सहज लागणार नाहीत अशी ठेवायला सांगितले होते, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते मागे घेतले गेले. मीही माझ्या कपाटात नेमके तेच केले होते. कोनो यांची कोरी चौकट मला सोसते, ती नाकाझावा यांनी आधी सगळे दाखवून ठेवले आहे म्हणून, असे आता वाटते. ज्याने ते जळते घर मनात वागवले, त्याच्याकडे मी संयम मागावा, हा माझा अधिकार नव्हता.

कोनो यांची दोन्ही पुस्तके पोस्टाने पाठवली आहेत. सुझुच्या पुस्तकाचे पहिले पान आपल्याकडच्या शेवटच्या पानाच्या जागी आहे, आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या आहेत. पहिली दहा पाने अडखळशील, मग डोळ्यांना सवय होईल. सुझुच्या पुस्तकाच्या शेवटाकडे एक अनाथ मुलगी येते, जिच्या आईचा उजवा हात हिरोशिमात गेला होता. ती सुझुच्या रिकाम्या बाहीला का बिलगते, ते तिथे पोचलास की मला लिही. आणि डाव्या हाताने काढलेले ते देऊळ अजून तुझ्या वह्यांत असेल, तर एकदा पाहायला पाठव.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
श्रीधर