चिकन लंचन मीटच्या डब्यातील बदललेल्या मालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ३४० ग्रॅमच्या चिकन लंचन मीटबद्दल मी मागच्या महिन्यात मेल केला होता. त्यावर उत्तर आले की चव व्यक्तिसापेक्ष असते आणि माझ्या अभिप्रायाची नोंद घेतली आहे. अभिप्राय मी दिलाच नव्हता. डब्यात मांस किती, एवढेच विचारले होते. म्हणून आता कागदावर लिहिते आहे.

हा पदार्थ आमच्या घरात नवा नाही. वडील लष्करात होते, शेवटची बदली महूला. सुट्टीत रामबागेतल्या घरी येताना त्यांच्या ट्रंकेत एखादा डबा असायचाच. आत्या त्याला 'डब्यातलं शिळं' म्हणून नाक मुरडायची. वडील तिला समजावत, की अगं, आधी डबा बंद करतात आणि मग वाफेच्या दाबाखाली आतल्या आत शिजवतात, आत काही जिवंत राहतच नाही तर नासेल कशाने? आत्याला ते शेवटपर्यंत पटले नाही. आम्हा मुलांना मात्र पातळ चकत्या तव्यावर परतून, वर कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू असे ते आवडायचे. शेवही घालायचो. इंदूर आहे, इथे शेव कशावर घालत नाहीत!

आपला डबा बरीच वर्षे ठीक होता. चकती तव्यावर टाकली की चुरचुरायची, थोडी चरबी सोडायची, कडा तांबूस होऊन उचलून यायची. आताच्या डब्यातली चकती पाणी सोडते, फुगते आणि तव्याला अशी धरते की उलथन्याने खरवडावी लागते. हाती येते ती साडीला घालायची खळ. रंग मात्र तोच गुलाबी. तो यादीतल्या २५० क्रमांकाच्या परिरक्षकामुळे, म्हणजे सोडियम नायट्राइटमुळे टिकतो, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू नयेत म्हणूनही ते लागते.

तक्रार घटकांच्या यादीची आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. घरातल्या जुन्या वेष्टनावर पहिले नाव चिकनचे आहे. नव्यावर पहिले पाणी, मग चिकन, मग सोया प्रथिने आणि स्टार्च. पुढचे चित्र तेच: कापलेले घट्ट मांस, शेजारी कोथिंबीर. डबा तोच, वजन तेच, आणि किंमत वाढलेली.

स्टार्चला माझा आक्षेप नाही. १९३७ साली अमेरिकेत निघालेल्या 'स्पॅम' या डबाबंद मांसातही आज बटाट्याचे स्टार्च असते. पण त्याच्या यादीत पहिले नाव मांसाचेच आहे. स्वस्त माल विकायचा तर खुशाल विका, गिऱ्हाईक आहे. पण मग नाव बदला, चित्र बदला, किंमत उतरवा.

शिवाय वेष्टनावर चित्राने किंवा शब्दांनी जो घटक ठळक दाखवला असेल, त्याचे शेकडा प्रमाण छापण्याचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. आपल्या डब्यावर 'चिकन' हे अक्षर बोटभर उंच, आणि टक्केवारी कुठेच नाही. भिंग घेऊन पाहिले.

तेव्हा, जुन्या आणि नव्या मालात चिकन किती टक्के ते लेखी कळवावे, उरलेल्या न उघडलेल्या डब्यांचे पैसे परत करावेत आणि पुढच्या छपाईत प्रमाण द्यावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच दावा लावता येतो, त्यामुळे आपल्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालायची मला गरज नाही.

उत्तर मराठीत, हिंदीत, कशातही चालेल. फक्त साच्यातले नको.

आपली ग्राहक,
(सही)
रामबाग, इंदूर

सोबत: बिलाची छायाप्रत, दोन्ही वेष्टनांचे फोटो, झाकणावरील बॅच क्रमांकाचा फोटो