घड्याळाला आपला जिना कळत नाही

चि. सोन्या, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतोस म्हणून लिहितेय, निवांत वाच. ठिकाण ओळखून आठवण करून देणारं ते स्मार्ट घड्याळ मी वापरतेय, कपाटात ठेवलेलं नाही, हे आधीच सांगते कारण बाबांनी तुला उलटंच सांगितलं असणार.

तू जाताना ‘घरातून निघताना’ म्हणून चष्मा, पिशवी, बीपीची गोळी अशी आठवण त्यात लावून दिलीस ना, त्याची गंमत ऐक. मी दार ओढून घेते, तीन जिने उतरते, गेटबाहेर पडते, वाण्याचं दुकान मागे टाकून पार रिक्षा स्टँडपाशी पोचते आणि तेव्हा कुठे ते मनगटावर थरथरतं, चष्मा घेतला का म्हणून! आता विचारतोस होय रे मेल्या? परत तीन जिने चढायचे म्हणजे माझ्या गुडघ्यांची वाट. मला वाटलं बिघडलं, पण शेजारची इंजिनिअरिंगची पोरगी म्हणाली काकू ते बरोबरच चालतंय, घराभोवती शंभरेक मीटरचं न दिसणारं रिंगण असतं आणि ते ओलांडल्याशिवाय तुम्ही निघालात हे त्याला कळतच नाही. वर जीपीएस सारखं चालू ठेवलं तर बॅटरी संपते म्हणून ते बराच वेळ वायफाय आणि मोबाइलच्या टॉवरवरूनच अंदाज बांधतं, त्यात अजून दोन-तीन मिनिटं जातात. आणि तिसऱ्या मजल्यावर आहे का खाली अंगणात, ते त्याला सगळं एकच. म्हणून मी आता चष्म्याची पिशवी सरळ दाराच्या कडीलाच अडकवते. तुझी आजी पदराला गाठ मारायची, तिची गाठ कधी उशिरा वाजली नाही, फक्त गाठ कशासाठी मारली तेच ती विसरायची.

पोचल्यावरचं मात्र छान चालतं, म्हणजे बऱ्यापैकी. बँकेत हयातीच्या दाखल्याचं त्यानेच आठवलं, नाहीतर नोव्हेंबर गेला असता. पण पेठेत गोंधळ. शंभर मीटरात तिथे किती दुकानं बसतात तुला माहितीये! तुळशीबागेतून समई पॉलिश करून आणायचं लावलं होतं, तर मंडईला मेट्रोतून उतरले, ते स्टेशन जमिनीखाली, तिथे उपग्रह कुठून सापडणार, वर आले, कोथिंबिरीचा भाव करत होते तेव्हा एकदम थरथरलं आणि मी दचकून जुडीच खाली टाकली. भाजीवाली म्हणे मावशी करंट बसला का. समई अर्थात घरीच राहिली होती, कारण ती घरातून न्यायची आठवण मी लावलीच नव्हती, नुसतीच तिथे पोचल्याची लावली. ही चूक माझी, घड्याळाची नाही.

ती पोरगी म्हणाली आयफोनमध्ये हे २०११ पासून आहे. म्हणजे तू शाळेत डबा विसरून यायचास तेव्हा असतं तर! पण तेव्हा आपल्याकडे साधा बटणांचा फोन होता.

आता खरं काय लिहायचं होतं ते. तुझा फोन रोज येतो तो तू नुकताच ऑफिसबाहेर पडलेला असतोस, मागे हॉर्न, हेल्मेटमधून आवाज, आणि सिग्नल सुटला की “ठेवतो गं”. मला आधी कळायचं नाही की रोज बरोबर तिथेच बरी याला आई आठवते. घड्याळ हातात आल्यावर कळलं. ‘ऑफिसमधून निघाल्यावर, आईला फोन’, असंच लावलंयस ना? मला राग नाही आला, खरंच नाही, उलट यादीत मी आहे तरी. बाबा म्हणाले त्याला बोलू नकोस, पण बोलतेच.

बंगळुरूच्या त्या ट्रॅफिकमध्ये बाईकवरून बोलत जाऊ नकोस. ते रिंगण ऑफिसवरून काढ आणि तुझ्या खोलीवर लाव. पोचलास, पाणी प्यायलास, बूट काढलेस, की मग कर. अर्धा तास उशीर झाला तरी मी जागीच असते. आणि मेथीचे लाडू पाठवलेत, कुरिअरवाला खाली वॉचमनकडे ठेवून जाईल, त्याची आठवण मी लावू का तू लावतोस?

आई