सूट गाडीवर दिली होती की तुमच्या कर्जावर?

मुंबई, नोव्हेंबर २०२५

प्रति,
महाव्यवस्थापक (विक्री),
लिंक रोड शोरूम, मुंबई

विषय : कोटेशनवर लिहून दिलेली सूट नाकारणे, न विचारता माझ्या नावे कर्जाची चौकशी करणे आणि विम्याची सक्ती याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या शोरूममध्ये मी पेट्रोल हॅचबॅक बुक केली आहे. एक्स-शोरूम किंमत ९,२०,००० रुपये. गाडी आवडली, टेस्ट ड्राइव्ह देणारा मुलगाही नीट माहिती देणारा होता. त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती आतल्या काचेच्या केबिनमधल्या फायनान्स डेस्कची.

माझ्या कोटेशनवर ३५,००० रुपयांची सूट निळ्या पेनाने लिहिलेली आहे, तिच्याभोवती गोल केला आहे आणि खाली शोरूमचा शिक्का आहे. अट एकही नाही. त्या भरवशावर मी २१,००० रुपये भरून बुकिंग केले. नंतर माझ्या बँकेचे मंजुरीपत्र घेऊन आले, तर उत्तर मिळाले, "मॅडम, हा डिस्काउंट आमच्याकडून लोन केलं तरच. बाहेरच्या बँकेला तो बसत नाही." बुकिंग घेताना हे का सांगितले नाही, असे विचारल्यावर "स्कीम आहे मॅडम, कंपनीची" एवढेच. स्कीमचा कागद मागितला, तो अजून आलेला नाही.

माझी सगळी नोकरी पतपेढीत व्याजाचे तक्ते करण्यात गेली, त्यामुळे आपल्या माणसाने दिलेला कागद घरी आणून मांडून बसले. तोंडी सांगितले होते : कर्ज आठ लाख, मुदत पाच वर्षे, व्याज "फक्त सहा टक्के". माझी बँक नऊ टक्के घेते, म्हणजे वरवर पाहता आपलेच स्वस्त. पण आपले सहा टक्के फ्लॅट आहेत. मी दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार, शेवटच्या वर्षी माझ्याकडे दोन लाखही उरलेले नसणार, तरी व्याज मात्र आठ लाखांवरच. घटत्या शिलकीवर मांडले तर हाच दर पावणेअकरा टक्क्यांच्या वर जातो. आठ लाखांना फ्लॅटने हप्ता १७,३३३ रुपये. बँकेचा १६,६०७ रुपये. साठ हप्त्यांत फरक ४३,५६० रुपयांचा. म्हणजे पस्तीस हजार सूट देऊन साडेत्रेचाळीस हजार वसूल! याला डिस्काउंट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

बरे, आपल्या कागदावरचा हप्ता १७,३३३ नव्हताच. तो होता १७,७३४. हे वरचे ४०१ रुपये कुठले, म्हणून उलटा हिशेब केला. कर्जाची रक्कम निघाली ८,१८,५०० रुपये. मी तर आठ लाखच मागितले होते! फोनवर खोदून विचारले तेव्हा कळले की १८,५०० रुपयांची लोन प्रोटेक्शन पॉलिसी (कर्जदाराचे काही झाले तर कर्ज फेडणारा विमा) आत घातली आहे. "सगळेच घेतात मॅडम, हप्त्यात कळतसुद्धा नाही." कळू नये अशा बेतानेच ती घातली होती, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत मलाही सांगता आले नसते. मला ती पॉलिसी नको आहे आणि तिच्यावर पाच वर्षे व्याज तर नकोच नको.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासाठी करार करण्याआधी ग्राहकाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावे लागते, तेही त्याला समजेल अशा भाषेत. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर आणि हप्त्यांचा पूर्ण तक्ता असतो, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. मी ते मागितले. उत्तर : "ते लोन झाल्यावर मेलवर येतं. रेट आजचाच आहे, आज सही करा." शिवाय फॉर्मवरचे रिकामे रकाने "आम्ही भरून घेतो". मी सही केलेली नाही, हे आपल्या नोंदीत असू द्या.

सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. बुकिंगच्या वेळी माझा पॅन घेतला. गाडी खरेदीला तो लागतो, म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर एकामागून एक मेसेज : तीन कर्ज कंपन्यांनी माझा क्रेडिट रिपोर्ट (कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल) पाहिला. मी कोणाकडे अर्ज केला नव्हता, कोणाला ओटीपी दिला नव्हता, कर्जाच्या संमतीवर सही केली नव्हती. अशा चौकश्या रिपोर्टवर राहतात आणि स्कोअर खाली ओढू शकतात; उद्या माझ्या मुलाच्या गृहकर्जात मी सहअर्जदार झाले तर बँक मलाच विचारणार. पॅन आपण गाडीसाठी घेतला आणि भाजी मंडईत हाळी घालावी तसा चहूकडे फिरवला. कोणाच्या परवानगीने?

विम्याबद्दल थोडक्यात. तीन वर्षांच्या थर्ड पार्टीचा मूळ प्रीमियम ठरलेला आहे, माझ्या गाडीला १०,६४० रुपये. तो कुठेही तेवढाच. फरक ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अॅड-ऑन (वरची जादा संरक्षणे) यांत पडतो, आणि तिथे आपला आकडा मला त्याच आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर) बाहेर मिळालेल्या कोटेशनपेक्षा बराच वर आहे. "बाहेरचा विमा घेतला तर डिलिव्हरीला वेळ लागेल" ही धमकी मला चालणार नाही. रोड टॅक्स ११ टक्क्यांनी १,०१,२०० रुपये लावला आहे, तो बरोबर आहे. त्याखालचे "हँडलिंग ७,५०० रुपये" कशाचे? त्याची कुठली पावती देणार आहात?

फायनान्स कंपनी आपल्याला पेआउट (कमिशन) देते हे मला माहीत आहे आणि त्यात गैर काही नाही, धंदा आहे. पण एक वस्तू घेण्यासाठी दुसरी सेवा घेण्याची अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४१) नुसार प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा ठरते.

तेव्हा लिहून दिलेली सूट माझ्या बँकेच्या कर्जावरही लागू असल्याचे आणि माझा बाहेरचा विमा मान्य असल्याचे लेखी कळवावे व हँडलिंगची ओळ काढून नवे कोटेशन द्यावे. हे जमणार नसेल तर बुकिंगची २१,००० रुपयांची रक्कम कोणतीही कपात न करता परत करावी. क्रेडिट चौकश्यांना मात्र असा पर्याय नाही : तिन्ही कंपन्यांना माझा पॅन कोणी व कोणत्या संमतीवर दिला ते मला कळवावे आणि त्या नोंदी काढून घेण्यासाठी आपण स्वतः त्यांना लिहावे. मी क्रेडिट ब्युरोकडे (हे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीकडे) तक्रार टाकली आहेच. तिचे निवारण ३० दिवसांत झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, हे त्या कंपन्यांनाही ठाऊक असेल.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. कर्ज कंपन्यांकडे वेगळे पत्र गेले आहे. त्यांनी ३० दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

उत्तर लेखीच पाठवावे. "मॅडम, एकदा शोरूमला येऊन भेटा ना, करून देऊ काहीतरी" असे फोन कृपया बंद करावेत.

आपली,
बुकिंगधारक ग्राहक, गोरेगाव (पूर्व)
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : बुकिंगची पावती, शिक्का असलेले कोटेशन, फायनान्स डेस्कचा हिशेबाचा कागद, बँकेचे मंजुरीपत्र, क्रेडिट चौकशीच्या मेसेजच्या छापील प्रती

प्रत : उत्पादक कंपनी, ग्राहक सेवा विभाग