रविवारच्या तांबेकामाची आठवण, नीट वाचा
मंडळी, रविवारी सकाळी ९ ला नेहमीच्या शेडवर पत्रा ठोकायला बसायचंय, ऊन चढायच्या आत तापवायचं काम उरकूया.

या वेळी तांब्याच्या पत्र्यावर ठोकून पिंपळपान उठवायचंय. येताना खरं पान घेऊन या, रंकाळ्याकडं फिरायला जाणारे असतील त्यांनी जरा जास्तीच आणा, मोबाईलमधला फोटो चालणार नाही कारण मधली शीर देठाकडं जाड आणि टोकाकडं बारीक कशी होत जाते ते बोटाला कळल्याशिवाय हातोडीला कळत नाही.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा आहे, ग्रुपतर्फे मिळेल. ठोकत गेलं की तांबं कडक होतं, हातोडी उडायला लागली आणि आवाज टणटण यायला लागला की थांबायचं, पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग पाण्यात टाकला तरी चालतो, पोलादासारखा कडक होत नाही, उलट मऊच राहतो. न तापवता तसंच ठोकत राहिलात तर नेमका शिरेवर तडा जातो आणि सगळी मेहनत वाया जाते हो, बघवत नाही. राळेवर (ठोकताना पत्रा धरून ठेवणारा चिकट थर) बसवलेला पत्रा आधी सोडवून पुसा आणि मगच तापवा, राळ पेट घेते.

कॉटनचे कपडे, बंद बूट, गॉगल कंपल्सरी. कापलेली कड कानसून घ्या, ब्लेडसारखी लागते. काळपटपणा काढायला चिंच घरनं आणा.

पान जमलं की पुढं राधानगरीचा गवा करायचाय, त्याच्या खांद्याचा उभार काढायला हात तयार पाहिजे. येणार त्यांनी शुक्रवारपर्यंत सांगा, पत्रा कापून ठेवायचाय.